फोटोत दोन्ही कान दिसू द्या

हैदराबादच्या जामबागेत मुलींची एक सरकारी शाळा आहे. पाटीवरचं तिचं नाव दोन ओळींत मावत नाही, म्हणून गौलीगुड्यापासून आबिड्सपर्यंत सगळे तिला परीक्षेची शाळाच म्हणतात. तिथं नुसता अर्ज देऊन मुलगी जात नाही. चौथीतल्या पोरींनी फेब्रुवारीत परीक्षा द्यायची. आठ-नऊशे बसतात, ऐंशी घेतात. घेतलेल्या ऐंशींना मग बारावीपर्यंत कुणी हलवत नाही. भाजीवालीची पोर अन् वकिलाची पोर तिथं एका बाकावर बसतात, आणि दोघी शिकून पुढं जातात.

भामाबाई त्या शाळेत अटेंडर. बाकीकडं ज्याला शिपाई म्हणतात त्याला हैदराबादेत अटेंडर म्हणतात. घंटा देणं, फायली नेणं, चक्कर आलेल्या पोरीला लिंबूपाणी पाजून घरी पोचवणं, असं सगळं बत्तीस वर्षं केलं. शिक्षण सातवी, माहेर भालकीकडचं. त्यांचं तेलुगू ऐकून तेलुगूच्या मॅडम पदराआड हसायच्या. उर्दू मात्र बाजारात कुणी नावं ठेवू नये असं. घरात मराठी, तीही आता तेलुगू-उर्दूचं पाणी मिसळलेली.

पण भामाबाईंचं खरं काम वर्षातून एकाच दिवशी असायचं. परीक्षेच्या सकाळी त्या फाटकावर उभ्या राहायच्या. एका हातात पोरीचं हॉलतिकीट, समोर पोरगी. तिकिटावरच्या फोटोतली हीच का, एवढं ठरवायचं. हीच असेल तर आत, नसेल तर बाजूच्या बाकावर. बाकावरच्या पोरीचं काय करायचं ते मोठ्या मॅडम ठरवणार. दहाला घंटा झाली की फाटक बंद. ज्यांना बसू द्यायचं नाही त्यांना शेजारच्या लहान दारातून बाहेर सोडायचं.

जानेवारीत अर्ज भरायला आयाबाया यायच्या तेव्हा मदतीच्या टेबलाशीही भामाबाईच असायच्या. त्यांचं एकच पालुपद. "फोटोत दोन्ही कान दिसू द्या."

"अहो, पण वेण्या घालून छान काढलाय की."

"छान हाय. पण कान कुठं हायत? परत काढून आणा."

आबिड्सच्या फोटोवाल्यांनाही हे माहीत झालं होतं. पोरगी स्टुलावर बसली की ते विचारायचे, परीक्षेच्या शाळेचा का? मग कान काढा बाहेर. कुणाला वाटायचं सरकारचाच नियम आहे. सरकारचा असा काही नियम नव्हता. तो भामाबाईंचा होता, आणि तो का आला ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. फाटकावर एक पोरगी आली होती, बापाबरोबर. तिकिटावर लांब वेण्या, गोल तोंड. समोरची पोरगी वाळलेली, डोक्यावर बोटभर खुंट. बाप म्हणाला, टायफाईड झाला होता, केस गळायला लागले म्हणून कापून टाकले. भामाबाईंनी फोटोकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. जुळेना. त्यांनी तिला बाकावर बसवलं. तेव्हाच्या मॅडमनी विचारलं, भामा, हीच का ती? भामाबाई म्हणाल्या, मला तर न्हाई वाटत. झालं. दहाची घंटा झाली अन् पोरगी लहान दारातून बाहेर गेली. बाप तिला घेऊन समोरच्या फुटपाथवर बराच वेळ बसला होता. भांडला नाही. पोरगी रडलीही नाही, नुसती शाळेच्या खिडक्यांकडं बघत होती.

दुपारी टेबल आवरताना ते तिकीट भामाबाईंच्या हाती लागलं. पोरगी तशीच गेली होती, तिकीट राहिलं होतं. मग त्यांनी ते निवांत पाहिलं. फोटोतल्या पोरीचा कान खाली गालाला चिकटलेला होता, पाळी मोकळी नव्हती. फुटपाथवर बसलेल्या पोरीचा कानही तसाच होता. आता आठवलं. भामाबाई धावत बाहेर गेल्या. फुटपाथ मोकळा होता.

तेव्हापासून त्या केसांकडं बघत नसत. केस कापतात, वाढतात, तेल लावलं की बदलतात. गाल तापात उतरतात. कान तेवढे राहतात. पोरगी आली की भामाबाई आधी कान बघायच्या, मग तोंड. कित्येक वर्षांत त्यांची नजर चुकली नाही.

दोन वर्षांपूर्वी शाळेत राणी लागली. ठेक्यावरची अटेंडर, तिशीतली, तोंडानं फटकळ. तेलुगू घरातली, पण भामाबाईंशी दखनीत बोलायची अन् त्यांना भामक्का म्हणायची. भामाबाईंनी तिला हळूहळू सगळं शिकवलं, कानाचंही.

"क्यूं, भामक्का? आँखां क्या बुरे हैं?"

"डोळे रडतात, सुजतात. कान नाही रडत. देखके ले."

का ते तिलाही सांगितलं नाही.

या वर्षी जूनअखेर भामाबाई रिटायर होणार होत्या. आणि याच वर्षी त्यांची नात त्रिवेणी परीक्षेला बसत होती. त्रिवेणी म्हणजे लेकाची, शिवराजची पोर. शिवराज आबिड्सला चष्म्याच्या दुकानात, सून भाग्यलक्ष्मी घरी शिवणकाम करते. पोरगी हुशार. गणित बोटांवर. मराठी बोलते, वाचताना मात्र अक्षराला अक्षर लावत बसते. गेलं वर्षभर आजी अन् नात संध्याकाळी गच्चीवर जुने पेपर सोडवत बसायच्या. आजीला उत्तरं यायची नाहीत, पण घड्याळ लावून बसायची. भामाबाईंची एवढीच इच्छा होती, की आपण शाळेत असेपर्यंत त्रिवेणीनं त्या फाटकातून आत यावं. कुणाला बोलल्या नाहीत, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नियमाप्रमाणं त्यांनी मोठ्या मॅडमना, म्हणजे मीना मॅडमना, लिहून दिलं. माझी नात बसत आहे, मला त्या दिवशी फाटकाची ड्युटी देऊ नये. मॅडम म्हणाल्या, "भामाबाई, तुमच्याशिवाय फाटक म्हणजे अवघड आहे."

"राणी हाय की."

"राणी भांडेल."

"भांडू द्या. चुकायची न्हाई."

आता यात नवस आला. त्रिवेणी सात वर्षांची असताना तिला डेंग्यू झाला होता. सहा दिवस सरकारी दवाखान्यात. यांचा कुळदेव खंडोबा, पण शेजारच्या खाटेवर एक तेलुगू बाई लेकराला घेऊन होती. ती म्हणाली, गुट्ट्याच्या नरसिंहाला केस बोलून टाका, अम्मा, लेकरू उठतं. भामाबाईंनी तिथंच हात जोडले. पोरगी उठली. मग आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन-अडीच वर्षं गेली. पोरीचे केस कंबरेपर्यंत आले.

परीक्षेला आठ दिवस राहिले अन् भामाबाईंच्या जिवाला लागलं. देवाचं राहिलेलं असताना पोरीला एवढ्या मोठ्या परीक्षेला बसवायचं कसं? रविवारी सकाळच्या बसनं त्या, भाग्यलक्ष्मी अन् त्रिवेणी यादगिरीगुट्ट्याला गेल्या. न्हाव्यानं पाच मिनिटांत केस उतरवले, टाळूला चंदन फासलं. पोरीनं डोक्यावरून हात फिरवला अन् म्हणाली, "आजी, थंडा थंडा लागायलंय." दर्शन झालं, प्रसादाचा चिंचेचा भात, पुळिहोरा, खाल्ला, संध्याकाळी गौलीगुड्यात घरी परत. भामाबाईंना त्या रात्री शांत झोप लागली.

गुरुवारी त्रिवेणीचे आजोबा, नामदेवराव, बाहेरच्या खोलीत मिक्सर उघडून बसले होते. ते सिटी बसच्या डेपोत मेकॅनिक होते, आता मोहल्ल्यातले मिक्सर दुरुस्त करतात. त्रिवेणी दप्तर भरत होती. हॉलतिकीट खाली पडलं ते त्यांनी उचललं.

"ही कोण पोरगी?"

"मीच की, आजोबा."

"तू कशी? हिला ढीगभर केस हायत. तू तर गुंडू."

तासलेल्या डोक्याला इथं सगळेच गुंडू म्हणतात. त्रिवेणी खळखळून हसली. नामदेवरावही हसले. मग त्यांनी तिकिटाकडं परत पाहिलं अन् हसू तसंच तोंडावर राहिलं.

"भामे," ते आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "जरा बाहेर ये."

भामाबाई पदराला हात पुसत आल्या. नवऱ्यानं तिकीट समोर धरलं. त्या बघत राहिल्या. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरी तिकिटाला लावून बघितल्या. अन् स्वतःच्या नातीच्या डोक्यावरून वस्तरा फिरताना त्यांना देव आठवला होता, फाटक आठवलं नव्हतं.

"कायकू परेशान होतीस?" नामदेवराव म्हणाले. "तुझंच फाटक."

"माजं न्हाई आता. लिहून दिलंय."

भाग्यलक्ष्मी मशीनवरून उठून आली. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आत्याबाई, मीना मॅडमना फोन करा ना. तुमच्या शब्दावर नाही म्हणणार न्हाईत."

"म्हणून तर करायचा न्हाई."

"मंजे?"

"मी फोन केला की ती भामाची नात म्हणून आत जाईल. मग नंबर लागला तरी भामाची नात म्हणून लागला म्हणतील. आठ वर्षं पोरीनं तेच ऐकायचं?"

"अन् नाहीच सोडलं आत तर?"

भामाबाईंनी तिकीट दप्तरात ठेवलं. म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या पोरींना जे असतंय ते हिला. आधार कार्ड काढून ठेव."

आधार कार्डावर त्रिवेणी पाच वर्षांची होती अन् रडत होती. नामदेवराव म्हणाले, "हे दाखवलं तर आत असतील त्यांनाही बाहेर काढतील." कुणी हसलं नाही.

शनिवारी नऊ वाजता सगळे जामबागेत. नेहमीसारखी गर्दी. पोरींच्या कपाळाला कुंकू, हातात पारदर्शक पाऊच, आया शेवटचं काहीतरी सांगत होत्या. भामाबाई रस्त्याच्या पलीकडं, पालकांसाठी चुन्याची रेघ मारली होती तिच्या मागं उभ्या राहिल्या. दरसाली ही रेघ त्याच मारायच्या. या खेपेला राणीनं मारली होती, वाकडी.

त्यांना बघून दोघी-तिघी आयांनी विचारलं, "भामाबाई, तुम्ही इकडं कशा?"

"आज मी आई-बापांत."

त्रिवेणी रांगेत लागली. डोक्याला आईनं ओढणी बांधली होती. ती फाटकाशी पोचल्यावर राणीनं ओढणी काढायला लावली. उन्हात डोकं चकाकलं. मागच्या दोन पोरी फिसकन हसल्या. राणीनं तिकीट पाहिलं, पोरीकडं पाहिलं. ही पोरगी राणीच्या ओळखीची होती. कैकदा आजीचा डबा घेऊन शाळेत यायची, राणीच्या हातची भजी खायची. पण राणीच्या तोंडावर ओळख दिसली नाही. तिनं बाकाकडं बोट केलं.

भाग्यलक्ष्मीनं भामाबाईंचा दंड धरला. "आत्याबाई, बाकावर बसवलं."

"दिसतंय मला."

"राणीच हाय ती. तुमी नुसती हाक मारा."

भामाबाईंनी रेघेकडं पाहिलं. पाऊल टाकलं असतं तर कुणी अडवलं नसतं. पोलीस हवालदारसुद्धा त्यांना नमस्ते अम्मा म्हणून गेला होता. "हाक मारायची न्हाई," त्या म्हणाल्या. सुनेला म्हणाल्या की स्वतःला, कळलं नाही.

मग त्या लहान दाराकडं बघत उभ्या राहिल्या. सगळी माणसं मोठ्या फाटकाकडं बघत होती, भामाबाई एकट्या लहान दाराकडं. दहाला बारा मिनिटं कमी. मीना मॅडम बाकाशी येताना दिसल्या. मध्ये पोरींची रांग आली, पुढचं दिसेना. नामदेवराव म्हणाले, "उन्हात उभी नको राहू, सावलीत ये." त्या हलल्या नाहीत. दहाला पाच. शेवटची एक पोरगी रिक्षातून उतरून चप्पल हातात घेऊन पळत आत गेली. लहान दाराची कडी वाजली. भामाबाईंनी डोळे मिटले, उघडले. एक पोरगी बाहेर आली. हिरव्या फ्रॉकची, दोन वेण्यांची. तिचा बाप पुढं झाला, ती काहीतरी घरी विसरली होती.

घंटा झाली. राणी घंटा फार जोरात मारायची, चवड्यावर उभी राहून. फाटक बंद झालं. लहान दारही बंद झालं. भाग्यलक्ष्मीनं विचारलं, "मंजे?"

"मंजे आत हाय," भामाबाई म्हणाल्या, अन् रेघेवरच खाली बसल्या.

दीड वाजता त्रिवेणी बाहेर आली. आधी पेपरची बातमी नाही, दुसरीच.

"आजी, राणीअक्का म्हणे, मैं तुझे नहीं पहचानती, कागज पहचानती. मला रोना आलता."

"मग?"

"मग मॅडम आल्या. त्या म्हणाल्या, फोटो तर वेगळा हाय. राणीअक्का म्हणे, मॅडम, बाल मत देखो, कान देखो. मग तिनं माझा डावा कान असा धरला."

त्रिवेणीचा डावा कान वरच्या कडेला मुडपलेला आहे, पापड भाजताना वळावा तसा. जन्मापासूनचा. नामदेवरावांचाही तसाच. फोटोत तो स्पष्ट आला होता, कारण आजीनं दोनदा परत पाठवून फोटो काढायला लावला होता.

"मॅडमनी फोटो धरला, कान बघितला, उजवापण बघितला. माझ्याकडनं एका कागदावर सही घेतली. मग म्हणाल्या, हे कानाचं कुणी शिकवलं? राणीअक्का म्हणे, यहां का कायदा है, मॅडम."

"माझं नाव घेतलं का कुणी?"

"न्हाई ना. कुणीच नाही घेतलं."

भामाबाईंनी नातीच्या खरखरीत डोक्यावर हात ठेवला. "पेपर कसा गेला?"

"एक गणित सुटलं."

"सुटलं मंजे आलं?"

"सुटलं मंजे राहिलं, आजी. टाइमच नाही पुरला. मॅडमचे कागद होईपर्यंत साडेदहा झाले, अर्धा घंटा तिथंच गेला ना."

तो अर्धा घंटा कुणामुळं गेला ते भामाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

एप्रिलच्या शेवटी यादी लागली. ऐंशीत त्रिवेणी नव्हती. खाली वेटिंगची वेगळी यादी होती, तिच्यात तिसरी. भामाबाई नोटीस बोर्डाची काच पुसायला गेल्या होत्या, त्यांनीच पहिल्यांदा वाचलं. काच पुसून पुरी केली, मग घरी फोन लावला.

भाग्यलक्ष्मी चार दिवस फारशी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "एका गणिताचं होतं." भामाबाईंनी मान हलवली. गुट्ट्याला गेल्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. त्या आठवड्यात गेल्याचं वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली, नव्या ऐंशी पोरी आल्या. भामाबाईंनी त्यांना वर्ग दाखवले, नळ दाखवले. तीस तारखेला शाल-नारळ झाला. मीना मॅडम दोन वाक्यं बोलल्या. नंतर राणी अन् भामाबाई घंटेखालच्या ओट्यावर चहा पीत बसल्या. तेव्हा भामाबाईंनी तिला टायफाईडच्या पोरीचं सांगितलं. बापाचं, फुटपाथचं, राहिलेल्या तिकिटाचं. राणीनं कप खाली ठेवला.

"तो इसके वास्ते कान."

"हौ."

"नाम क्या था बच्ची का?"

भामाबाईंनी नाव सांगितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तोंडातून काढलं.

"उस दिन," राणी म्हणाली, "मेरेकू लगा तुम चिल्लाते. मैं तो तैयार थी, चिल्लाये तो डांटूंगी बोलके."

"माहीत होतं. म्हणूनच गप बसले."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेतून फोन आला. तीन पोरींच्या वडिलांच्या बदल्या झाल्या होत्या, जागा सुटल्या होत्या. वेटिंगच्या पहिल्या तिघींनी सोमवारी कागद घेऊन यावं.

सोमवारी भामाबाई नातीला घेऊन निघाल्या. शाळेत दोन वेण्या अन् लाल रिबिनी लागतात. त्रिवेणीचे केस चार बोटं झाले होते, वेणी कसली येणार. भाग्यलक्ष्मीनं रिबिनीचीच दोन फुलं शिवली अन् पिनांनी कानांवर लावून दिली. नामदेवरावांनी लांबून बघून सांगितलं, "टेबलफॅनला हार घातल्यासारखं दिसायलंय." त्रिवेणीनं जीभ दाखवली.

फाटकावर राणी. भामाबाई सवयीनं सरळ आत निघाल्या. राणीनं हात आडवा केला.

"मां-बापां लकीर के बाहर, भामक्का."

राणीनं आता फाटकासमोरही चुन्याची रेघ मारली होती, या वेळी सरळ. भामाबाई दोन पावलं मागं सरकल्या अन् रेघेमागं उभ्या राहिल्या.

राणीनं त्रिवेणीचा कागद हातात घेतला. "ये कौन लगती तुमारी?" तिनं मोठ्यानं विचारलं, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं.

"कागदावर हाय ते बघ," भामाबाई म्हणाल्या.

राणीनं कागद बघितला. मग डाव्या कानावरचं रिबिनीचं फूल दोन बोटांनी बाजूला केलं, कान पाहिला, फूल परत नीट बसवलं अन् बाजूला झाली. त्रिवेणी आत गेली. वळून बघायचं तिच्या लक्षात राहिलं नाही, कारण घंटा व्हायची होती अन् तिला वर्ग माहीत नव्हता.

घंटा झाली, आताही फार जोरात. भामाबाई फाटक बंद होईपर्यंत थांबल्या, अन् गौलीगुड्याच्या वाटेला लागल्या. सकाळच्या या वेळेला तो रस्ता घराच्या दिशेनं कसा दिसतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या बघत बघत चालल्या.